पिवळ्या सोयाबीनला युरिया देण्याआधी: चुनखडीच्या काळ्या रानातलं खतनियोजन

पेरणीला वीस-पंचवीस दिवस झालेले असतात. चार-पाच दिवसांची झड लागून गेलेली असते. पाऊस उघडतो, ऊन पडतं आणि रानाच्या सखल भागातलं सोयाबीन हळद फासल्यासारखं पिवळं दिसायला लागतं. मराठवाड्यात आणि विदर्भाच्या बऱ्याच भागात जुलैमधलं हे चित्र ओळखीचं आहे. अशा वेळी बहुतेक जण युरियाची गोणी आणतात. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, एवढं स्वस्त दुसरं खत नाही. शिवाय पिवळं म्हणजे नत्र (युरियातून मिळणारा नायट्रोजन) कमी, हे आपल्या मनात घट्ट बसलेलं असतं.

आमच्या चुनखडीच्या तुकड्यात आम्हीही सलग दोन हंगाम हेच केलं. खालची पानं काळपट हिरवी झाली, पण शेंड्याची पानं पिवळीच राहिली. पुढे माती तपासली तेव्हा कळलं की पिकाला लोह मिळत नव्हतं. लोह जमिनीत भरपूर असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना उचलता येत नाही. तेव्हापासून खत किती टाकलं याच्यापेक्षा मुळापर्यंत काय पोचलं, याचा हिशेब आधी मांडायची सवय लागली. हा लेख त्याच हिशेबाचा आहे. उदाहरण सोयाबीनचं आणि चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचं घेतलं आहे, कारण मुख्य आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचं नातं तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

पिकाला काय काय लागतं

पिकाला एकूण १७ मूलद्रव्यं लागतात. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन हवा-पाण्यातून मिळतात. नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) ही मुख्य. कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक ही दुय्यम. आणि लोह, जस्त, मंगल (मँगेनीज), तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन, निकेल ही सूक्ष्म. सूक्ष्म म्हणजे कमी महत्त्वाची असं नाही, फक्त कमी प्रमाणात लागणारी. लिबिग या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा की, जे अन्नद्रव्य सगळ्यात तोकडं पडतं तेच उत्पादन ठरवतं. पिंपाची एक फळी आखूड असली की पाणी तिथूनच सांडतं, बाकीच्या फळ्या कितीही उंच करा.

सोयाबीनमध्ये हे आकड्यांनी पाहू. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनात साधारण १६ टक्के नत्र असतं. म्हणजे एकरी १० क्विंटल दाणा निघाला तर नुसत्या दाण्यातून सुमारे ६४ किलो नत्र रानाबाहेर जातं. आपण खतातून देतो १२ किलो. बाकीचं येतं कुठून? थोडं जमिनीतल्या सेंद्रिय पदार्थातून आणि बरंचसं मुळांवरच्या गाठींमधून. या गाठींतले जिवाणू ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने हवेतलं नत्र पकडतात, त्यात लोह आणि मॉलिब्डेनम असतं. गाठ कापली की आत जो गुलाबी रंग दिसतो, तोही लोहयुक्त द्रव्याचाच. लोह कमी पडलं तर गाठी नीट काम करत नाहीत, म्हणजे लोहाच्या कमतरतेतून नत्राचीही कमतरता उभी राहते. वरून युरिया जास्त दिला तर गाठी आणखी सुस्तावतात, कारण आयतं नत्र मिळालं की झाड जिवाणूंना पोसत नाही.

माती तपासणी: मे महिन्यातलं काम

रब्बीचं पीक निघाल्यानंतर, शेणखत पसरण्याआधी नमुना घ्यायचा. रासायनिक खत दिल्यानंतर निदान तीन महिने तरी थांबावं. रानात नागमोडी चालत एकरी आठ-दहा जागा निवडा. वरचा काडीकचरा बाजूला करा आणि इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा, वीतभर म्हणजे २० ते २२ सेंटीमीटर खोल खड्डा घ्या. त्याच्या एका बाजूची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घ्या. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या किंवा जनावरं बसण्याच्या जागेची माती घेऊ नका. सगळी माती मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग काढून टाका आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे करत राहा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा.

दोन गोष्टी इथे बहुतेक ठिकाणी चुकतात. पहिली, खताच्या रिकाम्या पिशवीत नमुना नेणं. त्याने अहवाल बिघडतो. दुसरी, जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा घमेलं वापरणं. सूक्ष्म अन्नद्रव्यं दहा लाखात एक-दोन भाग अशा प्रमाणात मोजतात, त्यामुळे भांड्याचं थोडं जस्त उतरलं तरी आकडा खोटा येतो. प्लॅस्टिकची बादली आणि लाकडी खुरपं किंवा खुंटी वापरा. आणि रानात पिवळा पडणारा सखल तुकडा असेल तर त्याचा नमुना वेगळा घ्या. चांगल्या आणि वाईट मातीची सरासरी काढली तर ती कुठल्याच तुकड्याला लागू पडत नाही.

अहवाल हातात आल्यावर

मृदा आरोग्य पत्रिकेवर १२ आकडे असतात: सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी याचं माप), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली. पत्रिका चांगली आहे, पण आपल्या भागासाठी कळीचा असलेला एक आकडा तिच्यावर नसतो, तो म्हणजे मुक्त चुन्याचं प्रमाण. प्रयोगशाळेत ते वेगळं सांगून मोजून घ्या. १० टक्क्यांच्या वर चुना असेल तर रान चांगलंच चुनखडीचं समजा. घरी अंदाज घ्यायचा असेल तर कोरड्या ढेकळावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका आणि कान जवळ न्या. चुना भरपूर असला की बारीक बुडबुडे येतात आणि चरचर ऐकू येते.

आता आकडे. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर कमी. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली असेल तर कमी, आणि आपल्याकडे ते बहुधा कमीच निघतं. जस्त ०.६, लोह ४.५, मंगल २, तांबे ०.२ आणि बोरॉन ०.५ पीपीएम (दहा लाखात इतके भाग) या मर्यादा लक्षात ठेवा. त्याखाली आकडा आला तर ते अन्नद्रव्य कमी. आपल्या काळ्या जमिनीत तांबे सहसा पुरेसं असतं. आधी जस्त आणि लोहाच्या ओळींवर बोट ठेवा.

सामू ८ च्या वर का महत्त्वाचा, तेही समजून घ्या. सामू एका अंकाने वाढला की पाण्यात विरघळणारं लोह सुमारे हजार पटीने कमी होतं, जस्त सुमारे शंभर पटीने. म्हणूनच चुनखडीच्या रानात टाकलेलं साधं फेरस सल्फेट काही दिवसांत गंजासारखं होऊन बसतं.

यावर कुणी सांगतं की गंधक टाका आणि सामू खाली आणा. हा हिशेब एकदा करून पाहावा. एकरातल्या वरच्या १५ सेंटीमीटर मातीचं वजन सुमारे ९ लाख किलो भरतं. त्यात १० टक्के चुना म्हणजे ९० टन. एक किलो गंधक साधारण तीन किलो चुना निकामी करतं, म्हणजे जवळपास ३० टन गंधक लागेल. हे कुणालाच परवडणारं नाही. गंधक पिकाची गरज म्हणून द्या, सोयाबीन तेलबियाही असल्यामुळे ती गरज खरी आहे. पण सगळ्या रानाचा सामू बदलण्याच्या आशेवर पैसे घालू नका.

मुख्य खतांची मात्रा काढणं

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची सोयाबीनसाठी शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि २० किलो गंधक अशी आहे. अडीचने भागलं की एकरी १२, २४, १२ आणि ८. माती अहवालात एखादं अन्नद्रव्य कमी असेल तर त्याची मात्रा पाव पटीने वाढवा, भरपूर असेल तर पाव पटीने कमी करा.

गोणीवरचे आकडे टक्क्यांचे असतात. लागणाऱ्या किलोंना त्या टक्क्याने भागून शंभरने गुणलं की खताचं वजन मिळतं. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद असतं, म्हणून २४ किलो स्फुरदासाठी १५० किलो, म्हणजे तीन गोण्या. त्यातच ११ टक्के गंधक असल्यामुळे १६ किलोवर गंधक आपोआप मिळतं, वर कॅल्शियमही. नत्रासाठी युरिया २६ किलो आणि पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश २० किलो. मला हा मेळ सोयाबीनला सगळ्यात योग्य वाटतो, गोण्या वाहायला जास्त पडल्या तरी.

डीएपीच (डाय-अमोनियम फॉस्फेट) घ्यायचं असेल तर ५२ किलोतून २४ किलो स्फुरद आणि साडेनऊ किलोच्या आसपास नत्र मिळतं. वरून पाच-सहा किलो युरिया आणि २० किलो पोटॅश. मात्र डीएपीत गंधक नाही. ९० टक्के बेंटोनाइट गंधक नऊ-दहा किलो वेगळं द्यावं लागेल, आणि जमिनीतल्या जिवाणूंनी त्याचं सल्फेट केल्याशिवाय ते पिकाला घेता येत नाही, म्हणून पेरणीच्या आधी किंवा पेरणीबरोबरच द्या. १२:३२:१६ (नत्र, स्फुरद, पालाश या क्रमाने टक्के) मिळालं तर ७५ किलोत ९ किलो नत्र, २४ स्फुरद आणि १२ पालाश बरोबर बसतं, गंधक वेगळं. २०:२०:०:१३ मात्र सोयाबीनला बसत नाही. २४ किलो स्फुरदाच्या मागे २४ किलो नत्र जातं, म्हणजे गरजेच्या दुप्पट.

हंगामात एका खताबरोबर दुसरं, न मागितलेलं उत्पादन गळ्यात मारलं जाणं हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा आहे. आम्हालाही एका दुकानात डीएपीबरोबर अशा दोन बाटल्या घ्याव्या लागल्या होत्या आणि त्यावर अन्नद्रव्यांचं प्रमाणही धड छापलेलं नव्हतं. म्हणून हिशेब मे महिन्यातच करून ठेवा. गरज कागदावर असली की पर्यायी खत घेता येतं आणि एकाच गोणीसाठी अडून बसावं लागत नाही. पक्की पावती मागून घ्या.

सूक्ष्म खतं जमिनीतून: शेणखताच्या सोबतीने

जस्त कमी असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट पुरतं. साध्या, सात पाण्याच्या (स्फटिकात पाण्याचे सात रेणू असलेल्या) झिंक सल्फेटमध्ये २१ टक्के जस्त असतं, एक पाण्याच्यात ३३ टक्के. दुसरं घेतलं तर साडेसहा किलो बास. जस्ताचा परिणाम मागे उरतो, त्यामुळे दरवर्षी देण्याची गरज नाही. दोन-तीन हंगामांतून एकदा, माती तपासून द्या. बोरॉन कमी असेल तर बोरॅक्स एकरी दोन किलो. बोरॉनच्या बाबतीत हात आखडता ठेवा. कमतरता आणि विषबाधा यांच्यातलं अंतर फार थोडं असतं, मुठीने फेकण्याचं हे खत नाही.

झिंक सल्फेट डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये मिसळून एकाच चाड्यात (पाभरीवरच्या बी-खत सोडायच्या नरसाळ्यात) टाकू नका. जस्त आणि स्फुरद एकत्र आले की न विरघळणारा झिंक फॉस्फेट तयार होतो. वर्षानुवर्षं डीएपी जास्त पडलेल्या रानात जस्ताची कमतरता वाढलेली दिसते, त्यामागे स्फुरद आणि जस्ताचं हे वैरही असतं. आम्ही करतो ते असं: पेरणीच्या दहा-बारा दिवस आधी १०० किलो चाळलेलं, कुजलेलं शेणखत सावलीत पसरायचं, त्यात झिंक सल्फेट आणि गरज असेल तर १० किलो फेरस सल्फेट मिसळायचं, हलकं पाणी शिंपडून ढीग गोणपाटाने झाकायचा. आठ दिवसांनी हे खत शेवटच्या वखरपाळीआधी रानात जातं. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोह-जस्ताला धरून ठेवतात, चुन्याशी त्यांची गाठ पडायला वेळ लागतो. नुसतं मीठ फेकल्यासारखं फेकलेलं फेरस सल्फेट चुनखडीत वाया जातं, हे मी खात्रीने सांगते.

भात पिकवणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगते. हिमालयाच्या तराईत भाताची पानं गंजल्यासारखी तपकिरी पडायची. त्याला खैरा रोग म्हणत. पंतनगरच्या कृषी विद्यापीठात य. ल. नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं की तो रोग कुठल्या जंतूचा नाही, जस्ताच्या कमतरतेचा आहे. आजही औषधांच्या फवारण्या करून दमलेला शेतकरी अखेर अन्नद्रव्यापाशी येतो, तेव्हा मला हे आठवतं.

कोकणातली जांभी जमीन आम्लधर्मी आहे, तिथे लोह भरपूर मिळतं आणि स्फुरद लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतो. तिथला हिशेब वेगळा, वरची फेरस सल्फेटची गोष्ट तिकडे नेऊ नका.

पेरणीचा दिवस

वाफसा आल्यावर, म्हणजे जमीन पेरणीजोगी ओलसर झाल्यावर, दोन चाड्यांच्या पाभरीने किंवा ट्रॅक्टरच्या खत-बी पेरणी यंत्राने खत बियाण्याच्या खाली आणि बाजूला, चार-पाच सेंटीमीटर अंतरावर पडू द्या. स्फुरद जमिनीत जवळजवळ हलत नाही, पडला तिथेच बसतो. पहिल्या हंगामात टाकलेल्या स्फुरदापैकी साधारण पाचवा हिस्साच पिकाला मिळतो, आणि फेकून दिला तर तेवढाही मिळत नाही. उलट युरिया आणि पोटॅश बियाण्याला टेकले तर कोंब जळतो. वर फेकलेल्या युरियाचा, विशेषतः आपल्या अल्कधर्मी जमिनीत, अमोनिया होऊन हवेत उडून जातो.

बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू संवर्धक, हा क्रम पाळा. सोयाबीनचंच रायझोबियम मागून घ्या, हरभऱ्याचं चालत नाही. द्रवरूप असेल तर १० किलो बियाण्याला १०० मिली. सावलीत सुकवून लगेच पेरा. चुनखडीच्या रानात रुंद वरंबा सरीने पेरणी केली तर पाणी साचत नाही. पिवळेपणावरचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे. भिजलेल्या चुनखडीत मुळांभोवती बायकार्बोनेट साचतो आणि झाडाला लोह उचलता येत नाही. पिवळेपणा नेमका झडीनंतर का दिसतो याचं उत्तर यात आहे.

पान वाचायला शिका

पिवळं झाड दिसलं की आधी एकच प्रश्न विचारा: पिवळेपणा खालून वर चाललाय की शेंड्यावर आहे? नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम झाडात फिरतात. कमी पडले की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं आधी खराब होतात. लोह, गंधक, बोरॉन, कॅल्शियम सहजी हलत नाहीत, म्हणून लक्षण शेंड्यावर दिसतं.

शेंड्याचं एक पान खुडून उन्हासमोर धरा. शिरांचं जाळं हिरवंगार आणि मधला भाग लिंबासारखा पिवळा असेल तर लोह. शिरांसकट सगळं नवं पान फिकट असेल तर गंधकाचा संशय घ्या. खालची पानं एकसारखी पिवळी असतील तर नत्र. खालच्या पानांच्या कडा पिवळ्या होऊन करपल्या असतील तर पालाश.

पानावर हिरव्या-पिवळ्या रंगांचे वेडेवाकडे चट्टे असतील आणि अशी झाडं रानभर विखुरलेली असतील तर तो पिवळा मोझॅक आहे. तो विषाणू पांढरी माशी पसरवते, तिथे कुठलंही खत उपयोगाचं नाही. अशी झाडं उपटून नष्ट करा आणि माशीचा बंदोबस्त करा. लोहाचा पिवळेपणा पट्ट्यांत असतो, सखल जागी, चुना वर आलेल्या ठिकाणी. आणि आठवडाभरात तणनाशक मारलं असेल तर थोडं थांबा. काही तणनाशकांनीही पीक पिवळं पडतं आणि आठ-दहा दिवसांत सावरतं.

मग एक झाड खुरप्याने मातीसकट उकरा, उपटू नका, उपटलं तर गाठी जमिनीत तुटून राहतात. बादलीत मुळं हलकेच धुवा. नखाने एक गाठ चिरा. आत गुलाबी असेल तर ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

लोहाची फवारणी

आधी चर काढून साचलेलं पाणी बाहेर घालवा आणि वाफसा येताच कोळपणी करा. मुळांना हवा मिळाली की पुष्कळदा अर्धा पिवळेपणा त्यानेच ओसरतो. तरीही राहिला तर फवारणी.

१५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १५ ग्रॅम सायट्रिक आम्ल. सायट्रिक आम्ल पाण्यात आधी विरघळवा, फेरस सल्फेट नंतर. खडे फिकट हिरवे असावेत. बरणीत ते तपकिरी, पिठूळ झाले असतील तर लोहाचं रूप बदललं आहे, ते घेऊ नका. द्रावणही ताजं मारा. तासाभरात ते विटकरी दिसायला लागलं तर फेकून द्या. बोअरच्या जड पाण्यात हे हमखास होतं, म्हणून पावसाचं साठवलेलं पाणी चांगलं. संध्याकाळी फवारा, पानाच्या खालच्या बाजूलाही. आठ-दहा दिवसांनी दुसरी फवारणी करा. लोह झाडात फिरत नसल्यामुळे पहिल्या फवारणीनंतर आलेली पानं पुन्हा पिवळी दिसतात. औषध लागू पडलं नाही असं समजू नका.

हे सगळं जमत नसेल तर तयार सूक्ष्म अन्नद्रव्य ग्रेड-२ घ्या, १० लिटर पाण्याला ५० मिली. त्यात लोहाबरोबर जस्त, मंगल, तांबे, बोरॉन आणि थोडं मॉलिब्डेनम असतं. ग्रेड-१ जमिनीतून देण्यासाठी असतो, त्याची फवारणी करू नका. चिलेटेड लोह (सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेलं लोह) जमिनीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए या रेणूच्या रूपातलं घ्या. ते महाग आहे, पण ईडीटीएचं लोह उच्च सामूत टिकत नाही, म्हणून ते फवारणीलाच ठेवा. कुठलीही फवारणी पूर्ण रानावर करण्याआधी दोन ओळींवर करून दोन दिवस पाहा.

फुलोऱ्याआधी वाढ खुंटलेली वाटली तर १९:१९:१९ आणि शेंगा भरताना ०:५२:३४, दोन्ही १० लिटरला १०० ग्रॅम. जमिनीतून दिलेल्या खताची जागा ही विद्राव्य खतं घेऊ शकत नाहीत, अडचणीच्या दिवसांत फक्त आधार देतात.

एक पट्टा मोकळा ठेवा

रानाच्या मधोमध, चांगल्या आणि सखल दोन्ही भागांतून जाणाऱ्या दहा ओळींना खुंट्या मारून खूण करा. या ओळींना मुख्य खत द्या, पण झिंक आणि लोह देऊ नका. काढणीच्या वेळी त्या दहा आणि शेजारच्या दहा ओळी वेगळ्या कापा, वेगळ्या मळा, दाणे वजनकाट्यावर मोजा. शंभर दाण्यांचं वजनही घ्या. आमच्या सखल तुकड्यात फरक डोळ्यांनी दिसण्याइतका होता, वरच्या चांगल्या तुकड्यात जवळजवळ नव्हताच. त्यामुळे आता लोहाचा खर्च आम्ही फक्त खालच्या अर्ध्या एकरावर करतो.